रिपोर्ट नॉर्मल

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

कबड्डीच्या सरावात पकड करताना समोरच्या मुलाचा गुडघा धाकट्याच्या कानशिलावर बसला, त्याला आज १६ दिवस झाले. तो बेशुद्ध पडला नव्हता, सीटी स्कॅनही स्वच्छ आला होता, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे दोन शब्द आम्ही नातेवाइकांना इतक्यांदा ऐकवले की त्यानंतरचे त्याचे वागणे दुखण्यात धरावे, असे आम्हाला सुचलेच नाही.

काल रात्री कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला त्याने दोन्ही कान गच्च दाबले, ताट ढकलले आणि आमटी फरशीवर सांडल्यावर स्वतःच हुंदके देऊन रडू लागला. तेरा वर्षांचा मुलगा! मी त्याला बोलले, आणि तेही नेमक्या त्याला सोसत नसलेल्या चढ्या आवाजात. सासूबाईंनी मात्र काही न बोलता मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. माझा दृष्टीवर विश्वास नाही. पण पोराला काहीतरी झाले आहे, एवढे घरात त्यांनीच मानले होते.

आज पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. सीटीमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेले हाड दिसते. मेंदू कवटीत हादरल्यावर पेशींच्या कामात जो बिघाड होतो, तो त्या चित्रात उमटत नाही, आणि चिडचीड, कारण नसताना येणारे रडू, धास्ती, मोडलेली झोप ही डोकेदुखीइतकीच त्या माराची लक्षणे आहेत, असे त्यांनी समजावले. बहुतेक मुले सुमारे ४ आठवड्यांत सावरतात. आधीपासून अर्धशिशी किंवा चिंतेचा त्रास असेल, तर अधिक काळ लागू शकतो. मी त्याला दहा दिवस पडदे ओढलेल्या खोलीत, मित्रांपासून दूर ठेवले होते, तेही चुकलेच. विश्रांती हवी ती पहिले २४ ते ४८ तास. पुढे थोडे चालणे, झेपेल तेवढा अभ्यास आणि माणसांची सोबत हवी, कारण एकटे पडलेले मूल मनाने आणखी खचते. उदासी वाढली किंवा त्याच्या तोंडी जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर वाट न पाहता घेऊन या, असे त्यांनी बजावले. कबड्डी मात्र शाळा पूर्ण वेळ झेपू लागल्यावर, आणि त्यांनी परवानगी दिल्यावरच.

आत्ता वर्गशिक्षिकांना चिठ्ठी लिहिली: उद्यापासून अर्धा दिवस शाळा, मधे विश्रांती, तूर्त चाचणी नको. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याच्या उद्धटपणाची तक्रार डायरीत लिहिली होती, म्हणून मी शेवटी ‘त्याच्या वर्तनाबद्दल क्षमस्व’ असे लिहिले होते. ते वाक्य खोडले.