पैसे कुठं ठेवायचे?

दिवाळीत गावी गेलो की शुक्रवारचा चुकारा माझ्याकडे येतो. कापूस वेचणाऱ्या बायांची आठवड्याची मजुरी, बाजाराच्या दिवशी द्यायची असते ती. वही काढायची, रोजचे किलो जोडायचे, औंदा दहा रुपये किलो होता त्यानं गुणायचं, आणि बाबा बाजूला बसून माझ्या बेरजेतल्या चुका काढतात.

काकूचे झाले २३६ किलो, म्हणजे २,३६० रुपये. तिनं तिथंच ओट्यावर नोटांचे ढीग केले. किराणावाल्याचे वेगळे, बचत गटाचे १०० वेगळे, नातवाच्या वह्यांचे पदराच्या गाठीत, आणि ५०० सरळ शेजारणीच्या हातात ठेवले, तिच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी अमरावतीला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून. आता काकूचीच दुकानात उधारी थकलेली, मला माहीत होतं, म्हणून शेजारीण गेल्यावर मी हळूच विचारलं की तुझंच भागत नाही तर दिले कशाला.

"माह्याजोळ ठेवले असते तं आठ दिवसात खर्च झाले असते. तिच्याजोळ हायेत तं हायेत. मांगच्या पावसाळ्यात काम नव्हतं तवा तिनंच देल्ले होते ना."

मी याला मदत समजत होतो, ती याला ठेव समजत होती. व्याज नाही, कागद नाही, पण काम नसलेल्या महिन्यात परत येतात. माझ्या मोबाईलमध्ये खर्च लिहायचं ॲप आहे, त्यात असा खानाच नाही.

गरिबीत सुख असतं असं म्हणणाऱ्यांचा मात्र मला रागच येतो. गरिबाला सगळंच महाग पडतं, चहापत्ती दहाच्या पुडीतली, तेल रोजच्यापुरतं, आणि गावात उसने काढले तर शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, इकडे मी घराच्या कर्जावर अर्धा टक्का वाढला तर दिवसभर कुरकुरतो. आणि काकूचं सगळंच मला पटतं असंही नाही. पोरीच्या लग्नात तिनं कर्ज काढून अख्ख्या गावाला पंगत दिली. गाडगेबाबा आमच्याच अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म, कर्ज काढून सण करू नका, पोरं शिकवा असं जन्मभर कीर्तनातून सांगत फिरले, आणि त्यांच्याच मुलखात हे. बोललो तसं तिला. ती म्हणे, गावाचं इतके वर्ष खाल्लं ते कवा फेडू मंग? यावर मला काही सुचलं नाही, पण चार वर्ष फेडत होती हेही खरं.

जाताना तिनं मलाच विचारलं, "तुह्ये कोनाकडं हायेत रे?"

म्हटलं माझे कोणाकडं नाहीत, माझ्यावरच बँकेचे आहेत.

"मंग मयतीले बँकच येईन का?" असं म्हणून हसली आणि पिशवी उचलून निघाली, तिला बाजाराची काळीपिवळी पकडायची होती.