मे महिन्यातलं नागपूर आणि विमानाला घाबरणारा असिमोव्ह

मे महिन्यात नागपूरला कोण जातं असं ऑफिसात सगळ्यांनी विचारून घेतलं, पण आतेबहिणीचं लग्न म्हटल्यावर चॉइस नसतो. विमानाचं तिकीट बघितलं आणि गुपचूप पुण्याहून रात्रीची गाडी पकडली. सॅकमध्ये अमेरिकन सायन्स फिक्शन लेखक असिमोव्हच्या 'फाउंडेशन' ह्या कादंबरीमालिकेचे पहिले तीन भाग एकत्र असलेला जाडजूड ठोकळा टाकला होता, कॉलेजात अर्धवट सोडलेला. लग्नघरात पुस्तक घेऊन कोण येतं हे नंतर ऐकावं लागलंच.

गाडीत वाचायला हा माणूस एकदम योग्य आहे, कारण आयझॅक असिमोव्ह स्वतः विमानात बसायचाच नाही. आयुष्यात फक्त दोनदा बसला, एकदा दुसऱ्या महायुद्धात फिलाडेल्फियाला नेव्हीच्या नोकरीत असताना आणि दुसऱ्यांदा १९४६ मध्ये आर्मीतून हवाई बेटांवरून परत येताना, त्यानंतर बास. आणि लिहिलं काय तर अख्खी आकाशगंगा! फाउंडेशनची आयडियासुद्धा त्याला न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत सुचली. १ ऑगस्ट १९४१, वय २१, सायन्स फिक्शन मासिकाचा संपादक जॉन कॅम्पबेल याला भेटायला निघालेला आणि डोक्यात कथा नाही, म्हणून हातातलं संगीतिकांचं पुस्तक कुठलंही पान काढून उघडलं, त्यात एका सैनिकाचं चित्र दिसलं, सैनिकावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य, साम्राज्यावरून रोम कसं कोसळलं ते, आणि उतरेपर्यंत हेच सगळं आकाशगंगेत घडवायचं ठरलं. मी एवढ्या वर्षांच्या प्रवासात मोबाइलमधल्या रील्स सोडून काही केलेलं नाही.

अकोला, बडनेरा, वर्धा करत सकाळी नागपूर आलं. आतोबा स्टेशनवर घ्यायला आले होते. ते रेल्वेतून रिटायर झालेत त्यामुळे घरी नेण्याआधी डायमंड क्रॉसिंगबद्दल ऐकणं कंपल्सरी असतं, दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे रूळ इथे कसे एकमेकांना काटतात वगैरे. मी ऐकत होतो पण लक्ष प्लॅटफॉर्मवरच्या पुस्तकांच्या स्टॉलकडे. असिमोव्हच्या वडिलांचं ब्रुकलिनमध्ये कँडी स्टोअर होतं, गोळ्या-चॉकलेट, सिगरेट, मासिकं असं सगळं, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडं, आणि हा शाळा करून गल्ल्यावर बसायचा. सायन्स फिक्शनची मासिकं म्हणजे वडिलांच्या मते कचरा, पण एका मासिकाच्या नावात 'सायन्स' होतं तेवढ्यावर परवानगी मिळाली. त्याचं एक स्वप्न होतं म्हणे, सबवे स्टेशनात आपला पेपरचा स्टॉल असावा, फळ्या लावून आतून बंद करावा, दिवा लावावा आणि गाड्यांची धडधड ऐकत पडल्या पडल्या वाचत राहावं. त्याला बंद जागा आवडायच्या. लिहितानासुद्धा पडदे बंद आणि ट्यूबलाइट चालू.

ही गोष्ट मला नागपूरच्या दुपारीच कळू शकते. बाहेर ४५ च्या वर, खिडक्या गच्च बंद, खोलीत अंधार आणि खिडकीत कूलर. नागपूरचा कूलर म्हणजे पुण्यात मिळतात ती प्लॅस्टिकची खेळणी नव्हेत, हा पत्र्याचा अवाढव्य प्राणी, तीन बाजूंनी ताट्या, आतोबा सकाळी पाइप लावून टाकी भरतात, पाणी सगळीकडे नीट झिरपतंय ना म्हणून ताट्यांवर हात फिरवून बघतात आणि मग पंखा सुरू केला की पहिली पाच मिनिटं तो ओल्या वाळ्याचा वास, बास, माणूस दुसरीकडे कुठे कशाला जाईल. लग्नाची पाहुणे मंडळी ओळीने आडवी झालेली आणि मी मोबाइलच्या उजेडात फाउंडेशनमधल्या ट्रँटर ग्रहाबद्दल वाचतोय, जिथे सगळा ग्रहच एक झाकलेलं शहर आहे आणि लोकांना आकाश बघायची गरजच वाटत नाही.

"काय वाचून राहिला रे एवढं? डोळे खराब होतील," आत्या अंधारातूनच म्हणाली.

असिमोव्हचं 'द केव्ह्ज ऑफ स्टील' १९५४ चं. न्यूयॉर्कवर छप्पर, माणसं उघड्यावर जायला घाबरतात, आणि एक डिटेक्टिव्ह माणसासारख्याच दिसणाऱ्या रोबॉटला घेऊन खुनाचा तपास करतोय. लोक म्हणाले काय भयानक भविष्य दाखवलंयस, आणि ह्याला ते शहर चक्क राहण्यासारखं वाटत होतं! मे महिन्यात नागपूरकरांचं मत घेतलं तर छप्पर बहुमताने मंजूर होईल.

दुसऱ्या दिवशी हळदीच्या गडबडीतून आतेभावाने मला सकाळीच पळवलं. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा, वरून कच्चा कांदा, आणि विचारतात "तर्री अजून देऊ का?" म्हणजे ही कमी होती! नाकडोळे पुसत झीरो माइलला गेलो. जवळच आहे. चार घोडे, वाळूच्या दगडाचा खांब, १९०७ चा सर्व्हेचा दगड, खांबाच्या षटकोनी पायावर गावांची अंतरं मैलात, हैदराबाद ३१८, जबलपूर १७०. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशोब. इंग्रजांच्या हिंदुस्थानचा मध्य इथे असं सगळे सांगतात. आणि मला ट्रँटरच आठवत होतं, आकाशगंगेच्या मध्याजवळ वसलेली राजधानी, साम्राज्य मोडणार हे कादंबरीतल्या हॅरी सेल्डन नावाच्या गणितज्ञाने गणितात मांडून दाखवलंय आणि राजधानीतल्या कोणाला ते पटत नाही. इथे मैलांचे दगड राहिले, साम्राज्य कधीच गेलं. आतेभाऊ म्हणाला, "सेल्फी काढ अन् चाल ना बे, ऊन वाढून राहिलं."

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर असिमोव्ह विचारला. दुकानदार काकांनी आधी नारळीकर काढून दिले, मग ढिगाच्या तळातून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं, कव्हर अर्धं. ते निघालं रसायनशास्त्रावरचं! पण यात काही आश्चर्य नाही, कारण त्याच्या नावावर ५०० च्या आसपास पुस्तकं आहेत (संपादित केलेली धरून) आणि त्यातली बरीचशी सायन्स फिक्शन नाहीतच. तो स्वतः बोस्टन युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री शिकवायचा. १९५७ ला रशियाचा स्पुटनिक गेला, अमेरिकेत एकदम सगळ्यांना विज्ञान शिकायची घाई झाली आणि ह्याने कादंबऱ्या बाजूला ठेवून सामान्य लोकांसाठी विज्ञान लिहायला घेतलं. बायबलवर लिहिलं, शेक्सपिअरवर लिहिलं, एका मासिकात १९५८ पासून दर महिन्याला विज्ञानलेख, ते ३९९ झाले.

"इतकं लिहिणारा चांगलं कसं लिहील बे?" आतेभावाचा प्रश्न. मला तो दिवसभर पुरला.

माझं मत असं की त्याचं सगळं चांगलं नाहीच. माणसं उभी राहून नुसती बोलतात. बायका तर रोबॉटकथांमधली शास्त्रज्ञ सुझन कॅल्व्हिन सोडली तर आठवतच नाहीत, आणि खऱ्या आयुष्यात सायन्स फिक्शनच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या संमेलनांत, तो बायकांना नको तिथे हात लावायचा हे लोकांनी लिहून ठेवलंय, ते कौतुकाच्या भरात गाळायचं कशाला. १९८२ पासून प्रकाशकांच्या आग्रहाने फाउंडेशन पुढे ओढलं ते मला पाणी घालून वाढवलेल्या वरणासारखं लागतं, ह्यूगो हे सायन्स फिक्शनचं मोठं बक्षीस मिळालं असलं तरी. पण रोबॉटचे तीन नियम घ्या (माणसाला इजा करायची नाही, माणसाचा हुकूम पाळायचा, स्वतःला जपायचं, ह्याच क्रमाने), १९४२ च्या 'रनअराउंड' कथेत पहिल्यांदा सगळे नीट मांडले. त्यात रोबॉट बुध ग्रहावर गोल गोल फिरत बसतो, कारण हुकूम ढिला दिलाय आणि पुढे धोका आहे, दोन नियम एकमेकांना अडवतात. आज चॅटबॉटला प्रॉम्प्ट घालणाऱ्या कोणालाही हे दुखणं समजेल. आधी नियम करायचे आणि मग स्वतःच त्यात फटी शोधायच्या, आणि तेही इतक्या सरळ वाक्यांत की शाळेतलं पोरगं वाचेल, हे जमणं सोपं नाही. भराभर टाइप करायचा, एकदा लिहायचं, एकदा सुधारून टाइप करायचं, की पुढचं.

संध्याकाळी घरातल्या बारक्या पोरांना घेऊन गांधीसागर तलावासमोर रामन विज्ञान केंद्रात गेलो (सर सी. व्ही. रामन सरकारी नोकरीत काही काळ नागपूरला होते). तारांगणात दिवे गेले आणि काळाकुट्ट अंधार झाला, तशी पाठीमागे एक छोटी मुलगी जी किंचाळली! मग तारे आले तर अजून जोरात. असिमोव्हची 'नाइटफॉल' अशीच, १९४१ ची, सहा सूर्यांचा ग्रह जिथे रात्र २०४९ वर्षांतून एकदाच होते आणि लोक वेडे होतात ते अंधाराने कमी आणि ताऱ्यांनी जास्त. ही कथा माहीत असून मला तोपर्यंत जरा कृत्रिम वाटायची.

लग्न झकास झालं, सावजी रश्श्याने घाम काढला, वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे फ्लायओव्हर आणि वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा पूल बघून घेतला. तोपर्यंत आतेभावाने माझा ठोकळा ढापला होता. निघायच्या दिवशी त्याने रिपोर्ट दिला, "शंभर पानं झाली ना, नुसतं बोलूनच राहिले सगळे. मारामारी कुठी आहे?"

मी म्हटलं हिंसा हा नालायकांचा शेवटचा आसरा असं त्यातल्या मेयरचं आवडतं वाक्यच आहे, तर म्हणाला असा मेयर कुठी असते का बे. मग त्याला सांगितलं, दुसऱ्या भागात म्यूल नावाचा एक जण येतो आणि सेल्डनचं सगळं गणित उधळून लावतो, तिथपर्यंत दम धर. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे, म्यूल आला का विचारलं की निळी टिक येते फक्त.