तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरचे की बाटलेले?

‘तुम्ही कोकणी मुसलमान ना? मग मूळचे बाहेरचे, की इथलेच बाटलेले?’ ओळख जरा वाढली की हे विचारलं जातंच. मला राग येत नाही, पण दोनच उत्तरांत आमचा किनारा मावत नाही.

आम्ही कुर्ल्यांचं कालवण बोटं चाटत खातो. घाटावरचे बरेच मुसलमान कुर्लीला शिवत नाहीत. ते हनफी, आम्ही शाफई; इस्लामी धर्मशास्त्राची ही दोन वेगळी मतं. उत्तरेतून सुलतान आणि काझी आले ते हनफी मत घेऊन. शाफई मत आलं अरबांच्या गलबतांतून. म्हणून भटकळ, मलबार आणि पार जावा-सुमात्रापर्यंत आमचाच पंथ.

व्यापारी इथे रेंगाळले ते वाऱ्यापायी. नैऋत्येच्या वाऱ्यानं यायचं आणि परतीचा वारा सुटेपर्यंत बंदरातच थांबायचं. मग सोयरिकी होणारच. अल-मसूदी हा अरब प्रवासी-इतिहासकार 916 च्या सुमारास चौलला आला, तेव्हा त्यानं तिथे 10,000 च्या आसपास मुसलमान असल्याचं लिहून ठेवलं. त्यांत इथेच जन्मलेलेही होते. बाप अरब, आई कोकणातली. आता यांना बाहेरचे म्हणायचं की बाटलेले?

राज्य तेव्हा राष्ट्रकूटांचं, आणि संजाणचा कारभार त्यांनी सोपवला होता एका अरबाकडे. चिंचणीला सापडलेल्या 926 च्या ताम्रपटात त्याचं नाव ‘मधुमती’ असं येतं, बहुधा मुहम्मदच. हा गृहस्थ लोकांना नदीपार न्यायला फुकट नावा ठेवतो, अन्नछत्रात साळीचा भात, कालवण आणि तूप वाढतो. वर देवीच्या मठाला जमीनही देतो!

लढाया झाल्याच नाहीत असं नव्हे. 1296 मध्ये अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला. देशावरची गोष्ट तिथून पुढे वेगळी होते. समुद्रावर धर्मयुद्ध आणलं ते पोर्तुगीजांनी. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्कनं तिथल्या मुसलमानांची कत्तल केली आणि पुढच्याच वर्षी मलाया किनाऱ्यावरचं मलाक्का बंदर घेतलं. मसाल्याचा व्यापार मुसलमानांच्या हातून काढायचा, हा त्यामागचा बेत. पण मलाक्का सोडलेले व्यापारी काही धंदा सोडून घरी बसले नाहीत. त्यांनी सुमात्रातलं आचे गाठलं, जावातलं बांतेन गाठलं. बांतेन 1520 च्या दशकात सल्तनत झालं. आचेची मिरी पोर्तुगीजांना चुकवून तांबड्या समुद्राकडे जाऊ लागली, आणि आचेच्या सुलतानानं तर थेट तुर्कांकडे तोफा मागितल्या. इस्लामला रोखायला निघालेल्यांनीच त्याला नवी बंदरं मिळवून दिली, असं माझं मत.