उजनी पाणपक्षी गणना: ऑक्टोबर ते फेब्रुवारी, कामाची नोंद

नोंदवहीच्या प्रत्येक पानावर वर डाव्या कोपऱ्यात त्या दिवशीची धरणाची पातळी लिहायची, हा नियम यंदापासून पक्का केलाय. उजनी पूर्ण भरलं की पाणी ४९६.८३ मीटरवर असतं आणि ४९१.०३ च्या खाली मृतसाठा सुरू होतो. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला उपयुक्त जेमतेम ५३-५४. बाकी सगळा मृतसाठा. म्हणून 'उजनी उणे तीस टक्के' असं छापून आलं तरी पाणी असतंच, फक्त काठ आत सरकलेला असतो. पक्षी पाहणाऱ्यांचा सगळा खेळ या जेमतेम सहा मीटरांत चालतो. भिगवण, डिकसळ, कुंभारगावकडचा पाणफुगवट्याचा भाग उथळ आहे. तिथे पाणी हातभर उतरलं तरी चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. रोहित (फ्लेमिंगो) चिखलात चोच उलटी घालून गाळून खातो, त्याला गुडघाभर पाणी लागतं. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर तो येऊन करणार काय? त्यामुळे एका जानेवारीत रोहित भरपूर आणि पुढच्या जानेवारीत तुरळक, एवढ्यावरून 'पक्षी घटले' म्हणणं चूक आहे. आधी दोन्ही दिवसांच्या पातळ्या शेजारी ठेवा, मग बोला.

ऑक्टोबरचा महिना ठाणी, म्हणजे मोजणीसाठी उभं राहायच्या जागा, ठरवण्यात गेला. सहा ठरली: पुणे बाजूला डिकसळचा जुना पूल, कुंभारगाव, डाळज आणि पळसदेव, करमाळा बाजूला कोंढार चिंचोली आणि कुगाव. ठाण्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या. उभं राहायला पाण्यापेक्षा दोन-तीन मीटर उंच जागा, दोन ठाण्यांच्या नजरेची हद्द ठळक खुणेवर संपणं (झाड, विजेचा खांब, पंपाचं घर), आणि सकाळचं ऊन. पुणे बाजूच्या काठावरून पूर्वेकडे पाहिलं की साडेसात-आठला ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि सगळी बदकं काळी दिसतात. तिथे आधी पूर्वेकडची बाजू उरकायची. ऊन वर चढेपर्यंत उत्तरेची. हद्दीची खूण पाण्यातली नको, पाणी उतरलं की ती हलते. पहिल्या फेरीत एक हद्द जाळ्याच्या बांबूवर ठरवली होती. पुढच्या आठवड्यात बांबू जागेवर नव्हता.

नोव्हेंबरमध्ये पक्षी सप्ताह, ५ ते १२. मारुती चितमपल्लींचा वाढदिवस ते सलीम अलींचा वाढदिवस, असा हा आठवडा राज्यात २०२० पासून पाळला जातो. शाळांमध्ये भाषणं होतातच, आपण त्यात मोजणीचा सराव घातला. साहित्य अगदी साधं: काळं कापड, वाटीभर ज्वारी, घड्याळ. कापडावर मूठभर दाणे फेकायचे, पाच सेकंद दाखवायचे, झाकायचे, अंदाज लिहायचा, मग एकेक दाणा मोजायचा. दाणे शंभराच्या आत असतात तोवर अंदाज ठीक येतो. तीन-चारशेच्या पुढे गेलं की जवळजवळ सगळेच कमी सांगतात. जो किती कमी सांगतो ते त्याच्या नावापुढे लिहून ठेवायचं. दहा फेऱ्यांत हात बसतो. मग 'गठ्ठा' शिकवायचा: थव्याच्या एका कडेचे वीस पक्षी नेमके मोजा, त्या वीसांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरा, आणि तेवढे किती गठ्ठे थव्यात बसतात ते पाहा. गठ्ठा थव्याच्या दाट भागातून घेतला तर आकडा फुगतो, विरळ कडेचा घेतला तर आटतो. म्हणून दोन्हीकडून एकेक गठ्ठा घेऊन सरासरी धरायची. आठवी-नववीच्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं, त्यांना मोजणीच्या दिवशी लेखनिक म्हणून खुशाल घ्या.

डिसेंबरातली रंगीत तालीम वगळू नका. सगळ्या चुका तिथेच सापडतात. यंदाची सर्वात मोठी चूक दुर्बिणीची निघाली. २० ते ६० पट मोठं दाखवणाऱ्या स्पॉटिंग स्कोपवर (तिपाईवरच्या एकडोळी दुर्बिणीवर) नवे लोक लगेच ६० ला जातात. नऊनंतर चिखलावरून वाफ थरथरायला लागते, आणि ६० ला थापट्या आणि तलवार बदक सारखेच दिसतात. २५-३० वर ठेवा, तिपाईचे पाय अर्धेच उघडा, वाऱ्यात मधल्या हुकाला पाण्याची बाटली लटकवा. ओळखीसाठी स्कोप आणि मोजणीसाठी ८×४२ ची हातातली दुर्बीण, अशी वाटणी असावी. एकाने दोन्ही करायचं नाही. ठाण्यावर किमान तिघं: एक ओळखणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा. मोजणारा डोळा काढत नाही, लिहिणारा मान वर करत नाही.

प्रत्यक्ष गणना जानेवारीत, आशियाई पाणपक्षी गणनेच्या पंधरवड्यात. ही गणना १९८७ पासून चालू आहे, त्यामुळे जुन्या नोंदींशी आपला आकडा लावायचा तर तोच काळ धरायला हवा. एकाच सकाळी सहाही ठाणी, पावणेसात ते साडेनऊ. धुकं असेल तर शंभर मीटरवरची खूण दिसेपर्यंत थांबायचं, पण सगळ्यांनी एकत्र थांबायचं. एका ठाण्याने आठला सुरू केलं आणि दुसऱ्याने सातला, की मधला थवा दोनदा मोजला गेलाच म्हणून समजा. पन्नासपेक्षा मोठा थवा उडाला तर वेळ आणि दिशा लगेच ग्रुपवर टाकायची: 'सात बावीस, चक्रवाक, कुगावकडे'. दुपारी आकडे जुळवताना हीच ओळ कामाला येते. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी थव्यावरून गेला की सगळी बदकं उठतात आणि दुसरीकडे बसतात. तेव्हा अर्धवट आकड्यात भर घालायची नाही, त्या पट्ट्याची मोजणी पहिल्यापासून करायची.

काही जाती मुळातच दगा देतात. रोहित खाली मान घालून चरत असतो, त्यामुळे माना मोजल्या तर निम्मे निसटतात. पाठी मोजायच्या. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) चरायला हरभऱ्या-गव्हाच्या रानात जातात आणि मधल्या वेळात काठावर विसावतात. त्यांना विसावलेलं असतानाच मोजा आणि गाळपेर (पाणी उतरलेल्या गाळावरची शेती) करणाऱ्यांना रात्रीचं विचारा, त्यांना थवा कुठल्या वावरात उतरतो हे नेमकं ठाऊक असतं. वारकरी (हे काळे पाणपक्षी) जलपर्णीच्या आड जातात, त्यांचा आकडा नेहमी 'किमान' म्हणूनच लिहायचा. ओळख पटली नाही तर 'अनोळखी बदक' हा रकाना आहे. तो भरण्यात कमीपणा मुळीच नाही. बळेच नाव चिकटवलेला आकडा मात्र पुढची वीस वर्षं चुकीचा राहतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना 'एक्स' (पक्षी दिसला, पण मोजला नाही) नको, अंदाज का होईना पण आकडा द्या.

होडीबद्दल जरा सविस्तर. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. हे पाणी शांत दिसतं, पण फुगवटा रुंद आहे आणि वारं अचानक फिरतं. म्हणून आपल्या कामात प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, बकल लावलेलं, आणि एका होडीत नावाड्यासह पाचच माणसं. पाण्यावर लव्हाळ्याच्या रेषेसारखी काळी सुरकुती सरकत येताना दिसली की तो वारा आहे, ताबडतोब काठ गाठायचा. यात शेवटचा शब्द नावाड्याचा.

पक्ष्यांच्या जवळ जाताना सरळ रोखाने जायचं नाही. बाजूने, तिरकं जायचं. दीडशे मीटरवर इंजिन बंद, पुढे वल्हं. रोहितांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या की तिथेच थांबा. सगळे एकाच दिशेने चालू लागले म्हणजे आपण आधीच फार जवळ आलोय, मागे फिरा. उडताना गुलाबी पंखांचा फोटो हवा म्हणून थवा मुद्दाम उठवायला सांगणारे पाहुणे येतात. नावाड्यांना यंदा हे मराठीत छापलेलं कार्ड दिलं, पाहुणा होडीत बसण्याआधीच वाचून दाखवायला. नकार कार्डावर लिहिलेला असला की नावाड्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

२ फेब्रुवारीला, पाणथळ दिनी, जाळी गोळा केली. कचऱ्यात दिसणारं प्रत्येक जाळं टाकलेलं नसतं. बोयांना गाठ नीट असेल, दोरी काठाला बांधलेली असेल तर ते कुणाचं तरी चालू जाळं आहे. हात लावू नका. एक जाळं चुकून कापलं तर मच्छीमारांचा विश्वास वर्षभर परत येत नाही. म्हणून प्रत्येक तुकडीत एक मच्छीमार हवाच, तो बोट दाखवेल तेच उचलायचं. चिखलात रुतलेलं जाळं ओढलं की तुटून बारीक धागे आत राहतात आणि तेच शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्यांच्या पायांत गुंततात. खुरप्याने कडेचा चिखल मोकळा करा, मग गुंडाळत या. जाळायचं नाही. पाणी निथळू द्या, पोत्यात भरा, वजन करून नोंदवा.

अडकलेला पक्षी सापडला तर आधी सुती कापडाने डोके झाका. बगळा किंवा चित्रबलाक (रंगीत करकोचा) असेल तर त्याआधी चोच धरा, तो थेट डोळ्यावर मारतो. धागा ओढू नका. बोथट टोकाची कात्री, आणि कापायचं कातडीपासून दूरच्या टोकाकडून आत. लांब पायांच्या पक्ष्याचे पाय दुमडून खोक्यात कोंबू नका, धडपडीत त्याचे स्नायू निकामी होतात आणि सोडल्यावर तो उभा राहत नाही. पाणी पाजू नका, फोटोसाठी थांबू नका. वनविभागाचा क्रमांक १९२६.

आता पुढचं. भादलवाडीच्या तळ्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी मार्चपासून दर पंधरा दिवसांनी एकाच जागेवरून मोजायची आहेत, आणि प्रत्येक वेळी तळ्यातलं पाणी बाभळीच्या बुंध्यापर्यंत आहे की नाही तेही लिहायचंय. इंदापूरच्या चिंचांवरच्या वसाहतीसाठी दोन माणसं हवीत. कुगावच्या ठाण्यासाठी एक तिपाई कमी पडते. पळसदेवची हद्द पाणी उतरल्यावर पुन्हा आखावी लागणार, तिथल्या पंपाच्या घराशेजारी नवीन खांब उभे राहिलेत.