जुनी एसएल घ्यायची म्हणताय?

जर्मनीत नोकरीनिमित्त आलेला माणूस जरा स्थिरस्थावर झाला, की निवांत वेळी जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळू लागतो. तिथे कधीतरी त्याला मर्सिडीजची एसएल दिसते. दोन सीट, दुमडून डिकीत जाणारं छत, पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, आणि किंमत एखाद्या कोऱ्या हॅचबॅकपेक्षाही कमी. मग "घेऊ का गं?" असा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण ओळखीच्यांत या गाड्यांचा नाद असलेली मी एकटीच.

बहुतेकांची नजर असते ती आर-२३० वर, म्हणजे २००१ ते २०११ या काळात ब्रेमेनच्या कारखान्यात तयार झालेल्या एसएलवर. इतक्या वर्षांत गाडी स्वस्त झाली, तिचे सुटे भाग मात्र झाले नाहीत. ते आजही एका महागड्या गाडीचेच भाग आहेत, आणि वर जर्मन गॅरेजची तासावर मोजलेली मजुरी. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच हिशेब.

गंमत म्हणजे लोक ज्याला बिचकतात ते इंजिन हा या गाडीतला सगळ्यात सरळ भाग. सुरुवातीच्या एसएल ५०० मधलं एम-११३ इंजिन वेळच्या वेळी ऑइल बदललं तर फारसं कुरकुरत नाही. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे १६ स्पार्क प्लग आहेत, एवढं लक्षात ठेवा. २००६ च्या आसपास आलेल्या एम-२७२ आणि एम-२७३ इंजिनांच्या पहिल्या काही खेपांत मात्र टायमिंग चेन ज्या दातेरी चाकावर फिरते ते अकाली झिजायचं, आणि ते काम मोठं आहे. त्या काळातली गाडी बघत असाल तर इंजिन नंबर आधी तपासून घ्या. बारा सिलिंडरच्या एसएल ६०० ला दुरूनच नमस्कार. तिला प्लगच २४ लागतात.

पैसा जातो तो तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांत. पहिली म्हणजे एबीसी सस्पेन्शन. यात प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगवर एक हायड्रॉलिक सिलिंडर बसवलेला असतो. इंजिनवर चालणारा पंप त्यात सुमारे २०० बार दाबाने तेल ढकलतो, म्हणजे टायरमध्ये जेवढी हवा भरतो त्याच्या जवळपास ऐंशीपट दाब. वळणावर गाडी कलत नाही, ब्रेक मारला तरी नाक खाली घालत नाही. चालवून बघाल तर भाळाल, म्हणूनच सांगतेय. कारण वीस वर्षांच्या होसपाइपांना हा दाब सोसवत नाही. दाबाचे हिसके सोसणारे, नायट्रोजन भरलेले गोळे ढिले पडतात, व्हॉल्व्हमधून तेल झिरपतं आणि रात्रभरात एखादा कोपरा खाली बसतो. डॅशबोर्डवर एबीसीची सूचना पांढरी आली तर गॅरेज गाठता येतं. लाल आली तर गाडी जागच्या जागी उभी करायची, कारण तेल संपवून चालवली तर पंपही जातो. पंप असो वा एखादा स्ट्रट (चाकावरचा स्प्रिंग-सिलिंडरचा जोड), नवा घेतला की बिल चार आकडी युरोंत. "एबीसी काढून साध्या स्प्रिंग टाकू" असं सुचवणारे भेटतात. करता येतं, पण इथे सस्पेन्शन बदललं की ते तपासून घेऊन गाडीच्या कागदांवर नोंदवावं लागतं. नाहीतर गाडीचा परवानाच रद्दबातल ठरू शकतो. त्यापेक्षा सहा सिलिंडरची एसएल ३५० शोधा. तिच्यात एबीसी ही ऐच्छिक सोय होती, आणि बऱ्याच जणांनी ती घेतली नव्हती.

दुसरी यंत्रणा ब्रेकची, एसबीसी. यात ब्रेकला लागणारा तेलाचा दाब विजेवर चालणारा पंप तयार करतो. कुलूप उघडून दार ओढलं की बोनेटखालून घर्र असा बारीक आवाज येतो. तो हाच पंप, तुम्ही आत बसायच्या आधीच दाब तयार करणारा. (म्हणूनच एसबीसी बंद न करता ब्रेक पॅड बदलायला जाऊ नये. पंप मध्येच जागा झाला तर बोटं चिरडतात.) ब्रेक किती वेळा दाबला याचा हिशेब हे यंत्र स्वतःशी ठेवतं, आणि ठरावीक आकडा गाठला की बदली मागतं. २००४ आणि २००५ मध्ये कंपनीने या ब्रेकसाठी मोठ्या संख्येने गाड्या परत बोलावल्या होत्या. ई-क्लासमधून तो पुढे काढून टाकला, एसएलमध्ये ठेवला. त्यामुळे युनिट बदललंय का, कधी, आणि त्याचं बिल आहे का, हे विक्रेत्याला विचारायचंच.

तिसरं छत. १६ सेकंदांत उघडतं असं कंपनी सांगायची. गाडी बघायला जाल तेव्हा ते उघडून-मिटून बघाच, पण नजर छतावर नको, डिकीच्या कडांवर ठेवा. सिलिंडरांची सील जुनी झाली की तिथे तेलाचे ओघळ दिसतात. नवे सिलिंडर घ्यायची गरज नसते, जुनेच पाठवून सील बदलून देणारे कारागीर आहेत. मग डिकीतला गालिचा उचला आणि कोपऱ्यात पार तळापर्यंत हात घाला. ओल लागली तर पाणी निघून जायच्या नळ्या पानांनी तुंबल्यात. सेंट्रल लॉकिंगचा हवेचा पंप तिथेच डिकीत असतो, आणि तो भिजला की कुलपं रुसतात. बॅटऱ्याही दोन आहेत, एक बोनेटखाली आणि एक डिकीत. डिकीतली थकली की गाडी सुरू होते, पण नाना सूचना दाखवून घाबरवते. थंडीभर ती चार्जरला लावून ठेवलेली बरी.

थंडीचा विषय निघालाच आहे तर मोसमी नंबरप्लेट. तुम्ही महिने ठरवता, समजा एप्रिल ते ऑक्टोबर. प्लेटच्या उजव्या कडेला ०४ आणि १० असे छापले जातात आणि कर-विमा तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. पण उरलेले महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीसुद्धा करता येत नाही. म्हणजे भाड्याचं गॅरेज आलं, आणि मोठ्या शहरात ते शोधणं म्हणजे घर शोधण्यासारखंच. दर दोन वर्षांनी ट्यूफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी असते. तेलाची गळती तिथे हमखास डोळ्यावर येते. गंभीर दोष निघाला तर महिन्याभरात दुरुस्त करून पुन्हा दाखवायचा. गाडी उभी राहून टायर झिजत नाहीत पण रबर म्हातारं होतं, तेव्हा नक्षीकडे बघून फसू नका. टायरच्या बाजूवर चार अंक असतात, त्यात टायर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं.

करही इंजिनाच्या आकारावर. २००९ च्या मध्यापूर्वी नोंदलेल्या अशा पेट्रोल गाडीला दर १०० सीसीला ६.७५ युरो, म्हणजे सुरुवातीच्या एसएल ५०० चे वर्षाला सुमारे ३३७ युरो. गाडी ३० वर्षांची झाली आणि मूळ रूपात नीट जपलेली असली, तर एच प्लेट, म्हणजे ऐतिहासिक गाड्यांची नंबरप्लेट, मिळते आणि कर सरसकट १९१.७३ युरो होतो. पहिल्या आर-२३० ना त्यासाठी २०३१ उजाडेल.

तोवर थांबायचं नसेल तर आधीची आर-१२९ बघा, १९८९ पासूनची. सुरुवातीच्या कित्येक गाड्या एच प्लेटला पात्र झाल्यात, एसबीसी आणि एबीसी दोन्ही नाहीत, आणि छत कापडी आहे. नव्वदीच्या पूर्वार्धातल्या काही इंजिनांत वायरिंगचं वेष्टण ठिसूळ होऊन गळून पडतं, ते बदललंय का ते बघा. छत मात्र तिचंही हायड्रॉलिकच. विंडशील्डच्या चौकटीतला सिलिंडर गळू लागला की तेल थेट चालवणाऱ्याच्या डोक्यावर. त्यामुळे तिथे आरशामागे बोट फिरवून बघितल्याशिवाय पैशाचं बोलणं काढू नका.