धारदार तलवारीचं त्रांगडं

आमची डीअँडडीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं होऊन फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) मोहीम कॉलेजात सुरू झाली, ती थ्री पॉइंट फाइव्हवर, म्हणजे २००३ च्या आवृत्तीवर. पुढे नोकऱ्या, लग्नं, बदल्या, आणि मोहीम अर्ध्यातच राहिली. मागच्या वर्षी ती ऑनलाइन पुन्हा सुरू करायची ठरली, पण नव्याने आलेल्या दोघांना फक्त २०१४ ची पाचवी आवृत्ती येत होती. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. म्हणजे जुनी पात्रं आणि त्यांची जादूची शस्त्रं नव्या नियमांत बसवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात.

बाकीची शस्त्रं एका दुपारी उरकली. एका तलवारीने मात्र चार रविवार खाल्ले.

उरकलेल्यांचं पटकन सांगतो. जुन्यात शस्त्राचा बोनस, म्हणजे फाशात मिळवायचा जादा आकडा, +५ पर्यंत जायचा, नव्यात +३ ला थांबतो, आणि ते बरोबरच आहे. जुन्या पुस्तकातल्या प्रौढ लाल ड्रॅगनचा एसी (फटका लागायला गाठायचा आकडा) २९, नव्यातल्याचा १९. समोरचा आकडाच उतरलाय, तर तलवारीचा जसाच्या तसा ठेवून कसं चालेल? आमच्या फायटरकडे ‘फ्लेमिंग’ तलवार होती, दर फटक्याला १डी६ (सहा बाजूंच्या एका फाशाइतकं) आगीचं नुकसान. तिच्या जागी फ्लेम टंग दिली. हिची आग २डी६, पण वेगळा बोनस नाही, आणि पेटवायला बोनस ॲक्शन (फेरीतली छोटी जादा चाल) जाते. तो खूश. ‘वूंडिंग’वाली कट्यार जुन्यात दर घावाला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) एक गुण खायची. नव्या आवृत्तीतली तलवार ऑफ वूंडिंग गुणांना हात लावत नाही. जखम दर फेरीला १डी४ नुकसान करत राहते. तेच कट्यारीला लावलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

आता ती तलवार. आमच्या मित्राचं पात्र आहे रोग, म्हणजे इंग्रजीतला rogue, लपून वार करणारा. (मराठीत हे लिहिताना दरवेळी डॉक्टरांची चिठ्ठी आठवते, पण इलाज नाही.) त्याच्याकडे +१ ‘कीन’ (म्हणजे धारदार) रेपियर, एक सडपातळ तलवार. जुन्या नियमात रेपियरचा क्रिट, म्हणजे जादा नुकसानाचा जबर फटका, वीस बाजूंच्या फाशावर १८ ते २० ला लागू शकतो, आणि ‘कीन’ ही कक्षा दुप्पट करतं, म्हणजे १५ ते २०. नव्या पुस्तकात मी मागून पुढून शोधलं. ‘कीन’ नाहीच. बदललं नाही, नाव पालटलं नाही, सरळ गायब!

पहिल्या रविवारी मी आळस केला. “असू दे १५ ते २०,” म्हटलं. त्याचा रोग लपला, मागून आला, ॲडव्हान्टेज मिळाला (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), दोन फाशांतला एक सतरा. सातव्या पातळीच्या रोगचा स्नीक अटॅक (मोक्याच्या वाराचं जादा नुकसान) ४डी६, आणि नव्या नियमात क्रिट लागला की तेही फासे दुप्पट होतात. सगळं मिळून सरासरी ४२ चा फटका. समोरच्या ओगर राक्षसाचे एकूण एचपी, म्हणजे जीव, ५९. पुढच्या फेरीत परत तेच. बाकीचे तिघं नुसते बघत बसले. वर फायटरने (त्याचा प्रकार चॅम्पियन) विचारलं, “माझ्या चॅम्पियनला पंधराव्या पातळीला कुठे अठरावर क्रिट मिळतो, आणि ह्याला आत्ताच पंधरावर?” उत्तर नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी जुना नियम परत आणला. थ्री पॉइंट फाइव्हमध्ये १५ पडला म्हणून लगेच क्रिट नसतो. पुन्हा फासा टाकायचा, ते दान पण लागलं तरच क्रिट पक्का. कागदावर झकास. खेळताना नवीन दोघं दर वेळी विचारणार, “आता हा दुसरा फासा कशाला?” ॲडव्हान्टेज असेल तर पक्कं करायलाही दोन फासे टाकायचे का, यावर वीस मिनिटं गेली. शेवटी मित्राला सोळा पडला, तो ओरडला, आणि पक्कं करायच्या फाशावर चार. त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते.

तिसऱ्या आठवड्यात मी वैतागून म्हटलं, साधी +१ रेपियर घे आणि विषय संपव. त्याने जुन्या पात्राचा कागद शोधून फोटो पाठवला. त्यावर किंमत लिहिलेली होती.

“अरे, आठ हजार तीनशे वीस नाणी मोजलीयेत मी. धार लावलेली तलवार घेतली होती, तू बोथट करून परत देतोयस.”

हिशोब खरा होता. जुन्या पुस्तकात किंमत सूत्राने निघते: एकूण बोनसचा वर्ग गुणिले २,०००, अधिक उत्तम घडणीचे ३००, अधिक तलवारीचे २०. (जाता जाता: किंमतीवरून नव्यात काही बसवायला जाऊ नका. तिथे सूत्रच नाही, ‘रेअर’ वस्तू म्हणजे ५०१ ते ५,००० असा ऐसपैस पट्टा आहे.)

मग त्या रात्री मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, वही घेऊन बसलो. १५ ते २० म्हणजे वीसपैकी सहा, ३० टक्के. फटका दहातून सहा वेळा लागतो धरलं, तर पक्का होणारा क्रिट १८ टक्के. म्हणजे ती जुनी तलवार खरी १८ टक्क्यांची होती, आम्ही इतकी वर्षं ३० ची समजत होतो. नव्यात पक्कं करणं नाही, पण रोग बहुतेक वेळा ॲडव्हान्टेजने मारतो. १५ ते २० ठेवले तर ५१ टक्के! आणि १९-२० ठेवले तर? १९ टक्के.

मी एकटाच हसलो. बायकोने दार उघडून बघितलं.

चौथ्या रविवारी आकडे दाखवले, १९-२० ठेवू म्हटलं. तरी त्याचा चेहरा पडलेलाच. मग आठवलं, जुन्या नियमात क्रिटला स्नीक अटॅकचे फासे कधी वाढायचेच नाहीत. ते सांगितल्यावर तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला, “म्हणजे माझा फायदाच झाला की.” तेच मी महिनाभर सांगत होतो, पण जाऊ दे.

तुम्ही हे करणार असाल तर दोन्ही आवृत्त्यांचे मूळ नियम एसआरडी नावाच्या दस्तऐवजात फुकट मिळतात. पाचवीचा २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे. पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. आणि शस्त्राचं नाव शोधण्याआधी मालकाला विचारा, त्याला त्यातलं काय आठवतं. आमच्याला आकडा आठवत नव्हता, वीस न पडताही आरडाओरडा करायला मिळायचा ते आठवत होतं. एकोणिसावर तो अजूनही करतो.

एक राहिलंच. नव्या आवृत्तीत अट्यून लागणाऱ्या (आधी पात्राशी जुळवाव्या लागणाऱ्या) वस्तू एका वेळी तीनच वापरता येतात. आमच्या फायटरकडे फ्लेम टंग धरून अशा पाच भरल्या. कोणत्या दोन सोडायच्या, यावर पुढचा रविवार ठरलाय.