बी२० वर ब्लॅक हिल्स: मिनेसोटातून पिकअप आणि कॅम्पर नेणाऱ्यांसाठी

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कमध्ये घोडेस्वार हजारावर बायसन हाकत आणतात. तो बफेलो राउंडअप बघायला आम्ही मिनीॲपोलिसहून रॅम २५०० पिकअपला कॅम्पर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडून गेलो. राउंडअपचे फोटो तुम्हाला ढिगाने सापडतील. मला लिहायचंय ते टाकीतल्या डिझेलबद्दल, कारण या वाटेवर राज्य बदललं की डिझेलही बदलतं.

मिनेसोटात निवड फारशी नसतेच. २०१८ पासून इथल्या नंबर दोन, म्हणजे नेहमीच्या डिझेलमध्ये उन्हाळ्यात कायद्यानेच २० टक्के बायोडिझेल (सोयाबीनसारख्या तेलापासून केलेलं इंधन) असतं, तेच बी२०; हिवाळ्यात ५ टक्के. म्हणजे ‘आपण नाही बाबा ते सोयाबीनचं तेल घालत’ म्हणणारे पिकअपवालेही जुलैत बी२० वरच फिरत असतात. पंपावर निळं लेबल दिसलं तर ५ ते २० टक्क्यांमधलं मिश्रण समजा. ५ टक्क्यांपर्यंत लेबल लागतच नाही. आणि हिरवा दांडा म्हणजे डिझेल, या सवयीवर जाऊ नका. बीपीच्या स्टेशनवर हिरव्या दांड्यातून पेट्रोल येतं.

निघण्यापूर्वी गाडीचं मॅन्युअल उघडा. आमच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनला बी२० चालतं. फोर्डच्या आणि जीएमच्या हेवी ड्यूटी पिकअपनाही २०११ च्या मॉडेलपासून चालतं. मात्र ऑइल आणि फ्युएल फिल्टर बदलण्याचा अवधी बायोडिझेलसाठी आखूड दिलेला असतो, आणि लोक नेमकं तेच पान वाचत नाहीत. कारण असं: एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करायचा असला की इंजिन सिलिंडरमध्ये उशिराने जादा डिझेल सोडतं. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. साधं डिझेल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं. बायोडिझेल जास्त तापमानाला उकळतं, त्यामुळे मागे राहून ऑइल पातळ करतं. कॅम्पर ओढताना एक्झॉस्ट मुळातच तापलेला असतो, त्यामुळे हा प्रकार कमी होतो. माझ्या मते बी२० ला खरा त्रास लांबच्या प्रवासाचा नाही, शाळा-किराणा-घर अशा छोट्या फेऱ्यांचा आहे.

गाडी जुनी असेल आणि आजवर साध्या डिझेलवरच चालली असेल, तर एक जादा फ्युएल फिल्टर जवळ ठेवा. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. १९९० च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइपही तपासून घ्या, ते फुगून मऊ पडतात.

आय-३५ ने दक्षिणेला अल्बर्ट ली, तिथून आय-९० ने सरळ पश्चिमेला. सू फॉल्सपासून पुढे साधं डिझेल. मायलेज? बी२० मध्ये साध्या डिझेलपेक्षा ऊर्जा एक-दोन टक्के कमी असते. चेंबरलेनला मिझुरी नदी ओलांडल्यावर समोरून जो वारा लागतो, तो कॅम्परवाल्याचं याच्या कितीतरी पट डिझेल खातो. एरवी तासाला ७० मैलांनी जात असाल, तर इथे ६० वर या.

खरी काळजी थंडीची. सोयाबीनचं बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा लवकर ढगाळतं, आपलं खोबरेल डिसेंबरात गोठतं तसं. ब्लॅक हिल्समध्ये सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. तेवढ्याने बी२० अडत नाही, पण बर्फाचा अंदाज असेल तर जोखीम कशाला? मी टाकी अर्धी होईपर्यंत थांबलो आणि डोंगर चढण्यापूर्वी रॅपिड सिटीत साधं डिझेल भरलं: अर्धं बी२०, अर्धं साधं, म्हणजे झालं बी१०. अँटी-जेल (डिझेल गोठू नये म्हणून टाकीत घालायचं द्रव) घालायचं तर ढगाळण्याआधी घाला. एकदा थंडीने डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदला की त्याचा उपयोग नाही. राउंडअपच्या दिवशी पार्किंग उजाडायच्या आत उघडतं आणि जनावरं कुंपणात जाईपर्यंत, साधारण दुपारपर्यंत, गाडी बाहेर काढता येत नाही. तेव्हा थालीपिठं आणि चहाचा थर्मास बरोबर असू द्या. गारठ्यात उभी राहूनही गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

परतताना आम्ही सू सिटीवरून आयोवात शिरलो आणि यूएस-२० ने आय-३५ गाठला. बायोडिझेल उत्पादनात आयोवा देशात पुढे आहे. करसवलतीमुळे तिथे बी११, बी२० पंपावर सहज दिसतं आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतं. घरी गेल्यावर गाडी रोज चालणार असेल तर खुशाल भरा.

हिवाळाभर उभी राहणार असेल तर मात्र भरू नका. बायोडिझेल हवेतलं पाणी जास्त ओढतं, पाण्यात जंतू वाढतात, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की ते आंबटतंही. उन्हाळी बी२० गाडी चालवून संपवा, ऑक्टोबरमध्ये हिवाळी डिझेलने टाकी काठोकाठ भरा, आणि उभी करण्यापूर्वी फिल्टरखालच्या नळीतून पाणी काढून टाका.